उद्योगधर्माचे उपासक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोड ठाऊक नाही असा माणूस विरळा. कापडचोपड, भांडीकुंडी आणि सणासुदीच्या खरेदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्या रस्त्यावर वर्दळ चालू आहे. परंतु ज्यांच्या नावाने तो रस्ता ओळखला जातो त्यांचा कारखाना या शहरात का राहिला नाही, हे सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत. ग्रंथालयाच्या शताब्दीग्रंथात साहित्यिकांची, विद्वानांची, देशभक्तांची चरित्रे असावीत हे योग्यच आहे. एका कारखानदाराचे चरित्र त्या पंक्तीला कशासाठी, असे कोणी विचारील. लक्ष्मणराव आपल्याच मातीत जन्मले आणि आपल्याच गावात त्यांच्या उद्योगाचे बीज पडले, हे त्याचे एक उत्तर होय. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. व्यावसायिकाने चोख माल दिला, कामगाराचा पगार वेळेवर केला, सरकारचा कर भरला आणि उरलेला नफा घरी नेला, म्हणजे त्याचे समाजाशी असलेले देणे फिटले काय, हा प्रश्न आज पुन्हा पुन्हा विचारला जातो. लक्ष्मणरावांनी या विषयावर सिद्धांत मांडला नाही. पण त्यांचे सारे आयुष्य हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाने शास्त्राध्ययन करावे, निदान सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची सर्वसामान्य अपेक्षा. लक्ष्मणाचे लक्ष मात्र पुस्तकी अभ्यासात नव्हते. चित्रे काढणे आणि हाताला लागेल त्या वस्तूची मोडतोड व जोडाजोड करणे यांतच त्याचा जीव रमे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोन वर्षांच्या आसपास शिक्षण झाल्यावर त्याच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष असल्याचे उघडकीस आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. रेषेवरचा हात मात्र शाबूत होता. रंगांची वाट बंद झाली तेव्हा लक्ष्मणरावांनी यंत्ररेखनाची वाट धरली आणि नव्यानेच स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथील कार्यशाळा हेच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले. वाफेची इंजिने, चरक, ओतकाम यांची ओळख त्यांनी तेथे करून घेतली आणि पदवी नसलेला हा तरुण यंत्रज्ञ बनला.

नोकरी चालू असतानाच १८८८ साली वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासमवेत बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. किर्लोस्कर बंधू हे नाव प्रथम झळकले ते या दुकानावर. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात, रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात आणि गिऱ्हाइकाला त्यांवर बसायलाही शिकवावे, असा हा व्यवहार चाले. तो तसाच चालू राहिला असता तर किर्लोस्कर हे एक सुखवस्तू दुकानदार म्हणून गावाच्या आठवणीत राहिले असते. पण मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका गौरकाय उमेदवाराला देण्यात आली. पात्रतेपेक्षा कातडीचा रंग मोठा ठरतो त्या जागी राहावयाचे नाही, असे ठरवून त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. येथून त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. परक्या मालाची विक्री करण्याऐवजी आपल्या लोकांना लागणारे यंत्र आपल्या हातांनी घडवावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

या देशाला लागणारे यंत्र कोणते, याचा शोध त्यांनी शेतात घेतला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर खोलवर जाऊन मातीची पालथ करतो, हरळी-कुंद्यासारखी चिवट तणे मुळासकट वर काढतो. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण सामान्य शेतकऱ्याच्या ते आवाक्याबाहेरचे होते. लक्ष्मणरावांनी आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला मानवेल असा नांगर घडवला. मात्र तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना हा नाद सोडून पुन्हा सायकलींकडे वळता आले असते. नफ्याचा हिशेब तसेच सांगत होता. परंतु शेतकऱ्याचे अज्ञान हा आपल्या धंद्याचा अडथळा आहे तसाच तो शेतकऱ्याच्या दारिद्र्याचेही एक कारण आहे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे नांगर विकणे आणि नांगर समजावून देणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. समाजकार्य आणि व्यवसाय यांची ही गाठ त्यांच्या उद्योगाच्या अगदी पहिल्या दिवसांत पडली आणि पुढे ती सुटली नाही.

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच दुसरे संकट आले. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा बेळगाव नगरपालिकेला हवी झाली आणि किर्लोस्करांना जागा खाली करावी लागली. नगरपालिकेचे नियम असतील, विस्ताराची गरजही खरी असेल. परंतु एक लहानसा कारखाना म्हणजे चार भिंती आणि एक भट्टी, एवढेच त्या वेळी गावाला दिसले. त्यातून पुढे काय उभे राहणार आहे हे दिसले नाही. उद्योगाचे समाजाशी देणे काय, असे आपण विचारतो तेव्हा समाजाचे उद्योगाशी काही देणे असते काय, हेही विचारले पाहिजे. बेळगावकरांना हा प्रश्न जरा झोंबणाराच आहे. गेलेला कारखाना परत आला नाही. नाव तेवढे रस्त्याला राहिले.

या अडचणीत त्यांच्या मदतीला धावले ते औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार आणि कलांचे चाहते असलेल्या या राजाने लक्ष्मणरावांना संस्थानात बोलावून घेतले, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर वसाहतीचा आरंभ झाला. जमीन मिळाली खरी, पण ती कशी? निवडुंगाने माजलेली, सापांनी भरलेली आणि पाण्यावाचून कोरडी. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना बरोबर घेऊन लक्ष्मणराव आणि रामूअण्णा त्या माळावर राहण्यास गेले. प्रथम निवडुंग तोडला, मग छपरे उभारली, मग यंत्रे बसवली. पुढे ज्या गावाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि ज्याचे नाव रेल्वे स्थानकानेही घेतले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

या वसाहतीतील माणसांकडे पाहिले म्हणजे लक्ष्मणरावांच्या उद्योगधर्माचे मर्म ध्यानी येते.  शंभोराव जांभेकर येथे नामांकित अभियंते झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि संस्थेच्या जमाखर्चाचे पहारेकरी बनले.  के. के. कुलकर्णी यांच्यातून वाडीने कुशल व्यवस्थापक घडवला. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. त्यांच्यातील कल्पक यंत्रज्ञाला वाव मिळाला तो येथेच. स्वतः लक्ष्मणरावांपाशी तरी कोणती पदवी होती? परदेशी यांत्रिक मासिके वाचून आणि हात काळे करून ते शिकले होते. त्यामुळे माणसाची परीक्षा त्याच्या प्रमाणपत्रावरून करण्याची सवय त्यांना कधीच लागली नाही. सामान्य मानल्या गेलेल्या माणसातले असामान्यत्व हुडकून काढणे, हा त्यांचा कदाचित सर्वांत फायदेशीर व्यवहार होता. आणि हा फायदा कारखान्याच्या व त्या माणसाच्या, दोघांच्याही खात्यावर सारखाच जमा झाला.

याच विश्वासाची कसोटी पाहणारी आणखी एक गोष्ट. शिक्षा भोगून सुटलेल्या, समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून संपत्ती राखावयाची असे जग म्हणे, त्यांच्याच हाती त्यांनी ती राखण्यास दिली, आणि त्या माणसांनी विश्वास सार्थ केला. औंध संस्थानाने पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत स्थापन केली. तिच्या कितीतरी वर्षे आधी त्याच संस्थानातील एका कारखान्यात या दिशेने पाऊल पडले होते. अस्पृश्यतेलाही किर्लोस्करवाडीच्या हद्दीत बंदी होती. विसाव्या शतकाच्या त्या पहिल्या दशकांत, वेदान्ती घराण्यातील माणसाने आपल्या वसाहतीत असा नियम करणे ही साधी गोष्ट नव्हती. कायद्याने अस्पृश्यता नष्ट झाली ती १९५० साली, संविधान अमलात आल्यावर.

आपल्यासारख्या वाचकांना किर्लोस्करवाडी जवळची वाटते ती आणखी एका कारणाने. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे मराठी वाचकांचे शं. वा. किर्लोस्कर. कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची माहिती देणारे हे पत्रक बघता बघता 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्यापाठोपाठ १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले. स्त्रियांचे शिक्षण, विवाह, रूढी यांवर 'स्त्री'ने मोकळेपणाने लिहिले. जुन्या वाचनालयांच्या कपाटांत या मासिकांचे बांधीव खंड असत आणि नव्या अंकासाठी सभासदांची रांग लागे. नांगर विकण्यासाठी एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती. परंतु जुनाट समजुतींनी पहिला नांगर दोन वर्षे अडवून धरला होता, हे ज्याने अनुभवले, त्याला मनाची नांगरट ही जमिनीच्या नांगरटीइतकीच निकडीची वाटली, तर त्यात नवल नाही. या मासिकांचे श्रेय अर्थातच शंकररावांचे. पण त्यांना ती मोकळीक देणारा उद्योग लक्ष्मणरावांचा होता.

उद्योग वाढत गेला. पहिल्या महायुद्धात विलायती मालाची आवक मंदावली आणि देशी नांगराला मागणी आली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप आले. १९२६ साली पाण्याचे केंद्रोत्सारी पंप बनू लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे शिक्षण पूर्ण करून परतले आणि उद्योगाला नव्या पिढीचे बळ मिळाले. १९४१ साली हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना आणि १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. लोकमान्यांविषयी आणि गांधीजींविषयी लक्ष्मणरावांना मोठा आदर होता. मात्र यंत्राविषयीच्या गांधीजींच्या मतांना त्यांनी मान डोलावली नाही. हातांना काम मिळावे हे दोघांनाही हवे होते; चांगल्या यंत्रानेच शेतकऱ्याचे कष्ट हलके होतील, अशी लक्ष्मणरावांची धारणा होती.

येथे चरित्रकाराने थांबावे आणि पुढचे सांगू नये, असा मोह होतो. परंतु सांगितले पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीचा वणवा पेटला. त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांना आपल्या हयातीची कमाई भस्म झाल्याची वार्ता ऐकावी लागली. ज्या माळावर त्यांनी जातिभेदाला बंदी केली, त्याच माळावर जातीच्या नावाने आग आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. परंतु या घटनेतून एक कठोर गोष्ट कळते. समाजासाठी केलेले काम हा काही विम्याचा हप्ता नव्हे. ते केले म्हणून समाज संकटात आपल्याला राखील, या हिशेबाने जो ते करतो, त्याची फसगत होण्याचा संभव असतो. ते योग्य आहे म्हणूनच करावे लागते.

लक्ष्मणरावांच्या पद्धतीवर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. जेथे घर, शाळा, दुकान आणि नोकरी ही सारी एकाच मालकाच्या हद्दीत असतात, तेथे कामगाराला मालकाशी मतभेद करण्याची मोकळीक किती राहते? मालक उदार असेल तोवर ठीक. तो तसा नसेल तर तीच वसाहत पिंजरा होऊ शकते. नोकरी गेली म्हणजे छप्परही जाते. म्हणूनच नुसत्या मालकाच्या सद्भावनेवर भिस्त न ठेवता कामगार कायदे आणि कामगार संघटना यांची आवश्यकता असते. शिवाय, निर्जन माळावर कारखाना काढणाऱ्याला वसाहत बांधल्यावाचून कामगार मिळाले नसते. तेव्हा ती बांधण्यात परोपकार किती आणि स्वार्थ किती, अशीही शंका काढता येईल. तिचे उत्तर असे, की स्वार्थासाठी चाळी पुरल्या असत्या. अस्पृश्यतेची बंदी, कैद्यांवरील विश्वास, सामान्य माणसाचा अभियंता करण्याची चिकाटी यांची त्या स्वार्थाला गरज नव्हती. जेथे गरज संपते तेथून धर्म सुरू होतो.

किर्लोस्करवाडी हे काही एकटे उदाहरण नव्हे. नागपूरला १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला होता. याउलट अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले, की नियम पाळून नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी. भागधारकांच्या पैशावर समाजकार्य करण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होणे सोपे असते, हे आपण सारे जाणतो. आपल्या देशात तर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावयास सांगितले. त्यातून अनेक शाळा, दवाखाने, पाणीयोजना यांना मदत मिळाली आहे आणि ती स्वागतार्ह आहे.

परंतु लक्ष्मणरावांच्या चरित्राशी ताडून पाहता या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. दोहोंतही नफा प्रथम मिळवावयाचा आणि समाजाचा विचार नंतर, त्यातून काही उरल्यास, करावयाचा, अशी कल्पना आहे. १९१० सालच्या त्या लहानशा कारखान्याला आजचा कायदा लागूच झाला नसता. दोन टक्के काढण्याइतका नफाही तेथे नव्हता. तरीही त्याचे समाजकार्य चालू होते, कारण ते नफ्याच्या वाटणीत नव्हते, नफा मिळवण्याच्या रीतीत होते. काय बनवावे, कोणासाठी बनवावे, कोणाला कामावर घ्यावे, त्याला कसे वागवावे, गिऱ्हाइकाला काय समजावून द्यावे, या रोजच्या निर्णयांत ते होते. अशा रीतीने वागणाऱ्याच्या हातून भागधारकाचाही तोटा होत नाही, हे त्या उद्योगाच्या वाढीने दाखवून दिले.

आपल्यासारखी वाचनालये उभी राहिली आणि टिकली ती वर्गणीदारांच्या वर्गणीवर तशीच गावातील व्यापारी-उद्योजकांच्या देणग्यांवर. त्या देणग्यांविषयी आपण सदैव कृतज्ञ आहोत. मात्र देणगीची पावती फाडताना दात्याच्या दुकानातील वजनकाटा आणि कारखान्यातील कामगाराची स्थिती यांकडे डोळेझाक करू नये, एवढी सावधगिरी लक्ष्मणरावांचे चरित्र आपल्याला शिकवते. संगमरवरी पाटीवरील नाव हा उद्योगधर्माचा शेवटचा पुरावा होय. पहिला पुरावा नव्हे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडलच्या माळावरचा निवडुंग केव्हाच नाहीसा झाला होता आणि ज्या नांगराला कोणी हात लावीत नव्हते तो खेडोपाडी पोहोचला होता. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आजही गजबजलेला आहे. त्या रस्त्यावर ज्यांची दुकाने आहेत आणि जे त्यांचे गिऱ्हाईक आहेत, त्या आपणां सर्वांना हे नाव कोणाचे आणि ते कशामुळे मोठे झाले, हे ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हे स्मरण.